कासुबाचे गाणे आणि मी

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली, एक खुंटी तुटलेली, पोटावर सिगारेटने भाजल्याचा काळा डाग असलेली जी गिटार तुम्ही रोज पाहता, ती मी. तुम्ही आत येता, माझ्या तारांवरून बोट फिरवता आणि तेच चार सूर काढता. ते सूर तुम्हाला तुमच्या आईबापांकडून मिळाले. त्यांना ते कुठून मिळाले, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. आज मी सांगते. गोष्ट गोड नाही, पण ऐका.

माझा जन्म इथलाच, किटवे शहरातल्या वुसाकिले वस्तीतला. वस्ती तांब्याच्या खाणीतल्या कामगारांची. बाशी काटोंगो नावाचे एक सुतार तिथे कपाटे आणि पलंग करत. बाशी काटोंगो म्हणजे काटोंगोचा बाप. आपल्याकडे मूल झाले की माणसाला मुलाच्याच नावाने हाक मारतात. मोठ्या माणसाला त्याच्या मूळ नावाने हाक मारणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणेच. हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगून ठेवते, कारण माझी सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

मुक्वाच्या लाकडाच्या एका पलंगाची उशाकडची फळी उरली होती. त्या फळीची गिटार करून द्या म्हणून काटोंगो बापाच्या मागे लागला. शाळा सोडून तो घरीच बसला होता.

"पलंगाला गिऱ्हाईक असतं," बाप म्हणाला. "ह्याला कोण घेणार?"

"तुम्ही करा तर खरं, बाबा. गिऱ्हाईक मी जमवतो."

बापाने कुरकुरत मला कापले, तासले, घासले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाने माझ्या पोटात चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. मोठ्या लाउडस्पीकरला जोडून काटोंगोने माझी जाड तार पहिल्यांदा छेडली, तेव्हा शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. बाप बाहेर आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज आहे बुवा." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

ते रॉकचे दिवस होते. पोरांच्या पॅंटी खाली घेरदार असत आणि डोक्यावरचे केस टोपलीएवढे. खाणीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी कार्यक्रम होत. काटोंगोने 'मुलिलो' नावाचा बँड काढला. मुलिलो म्हणजे आग. ड्रमवर चिसांगा बसायचा. तो हजरजबाबी होता आणि त्याची जीभ विळ्यासारखी होती. मी आणि काटोंगो पुढे उभे राहायचो.

आमचे पहिले मोठे गाणे धुळीवर होते. खाणीतून वर आलेला माणूस खोकतो, खोकता खोकता वाकतो आणि एक दिवस सरळ होतच नाही, असे ते गाणे. काटोंगोचा मामा तसाच गेला होता. त्या गाण्यात माझा सूर लांबवर रडत जायचा. मित्रांनो, मी जितकी गाणी वाजवली त्यांत ते सगळ्यांत चांगले होते. तुमच्यापैकी कोणाला ते येत नाही.

खाणीच्या फाटकासमोर एक बाई जेवण विकायची. मक्याच्या पिठाचा गरम न्शिमा, तळलेले कापेंटा मासे, शेंगदाण्याचे कूट घातलेली भोपळ्याची भाजी. तिची मुलगी म्वेन्या, म्हणून तिला सगळे बाना म्वेन्या म्हणत. पाळी सुटली की तिच्यासमोर रांग लागे. तिचा नवरा खाणीतच होता. एके दिवशी तो कामावरून आला, जेवला, भिंतीकडे तोंड करून झोपला, तो उठलाच नाही. इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितले, छातीत धूळ भरली होती. त्याला मूठमाती देऊन थोडे दिवस गेले आणि ती पुन्हा फाटकावर येऊन बसली. घरात दुसरे कमावणारे कोणी नव्हते.

काटोंगो मला पाठीवर टाकून तिच्याकडे जेवायला जाई. हॉलमध्ये पोरी त्याच्या नावाने किंचाळत. त्यामुळे सगळ्या जगानेच किंचाळावे अशी त्याला सवय लागली होती. एका शनिवारी भर रांगेत तो तिला म्हणाला, "बाना म्वेन्या, दुपारी हॉलवर या की. पुढची खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी."

"खुर्चीवर बसून काय करू?"

"माझ्याकडे बघा."

तिने त्याच्या ताटात न्शिमाचा गोळा ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिले. "बघितलं. आता जेव, आणि आईला सांग, म्हणावं पोराकडे जरा लक्ष दे."

रांग हसली. चिसांगा सगळ्यांत मोठ्याने हसला. काटोंगो जेवला आणि मला घेऊन निघाला. माझ्या पट्ट्यावरची त्याची मूठ घट्ट आवळलेली होती.

त्याच दुपारी, कार्यक्रमाआधी, सुतारखान्याच्या मागे त्याला ते चार सूर सापडले. चिसांगाने बादलीवर ठेका धरला. काटोंगोच्या तोंडून शब्द आपसूक आले:

"कासुबा, कासुबा, भांड्यात काय शिजतं?
नवरा जेवून झोपला, अजून नाही उठला."

चिसांगा हसून हसून खाली बसला. कासुबा हे त्या बाईचे मूळ नाव. लग्नाआधीचे, तिच्या आईने ठेवलेले.

"नाव बदलू का रे?" काटोंगोने विचारले.

"नाव बदललंस तर मजा काय राहिली?"

हॉलमध्ये आम्ही ते गाणे वाजवले तेव्हा लोक आधी एकमेकांकडे बघू लागले. मग छप्पर उडेल असा गलका झाला. लोकांनी ते परत मागितले आणि परत मागितले. गाणे सोपे होते. टाळीवर बसणारे होते. त्यात एक प्रश्न होता आणि उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाने भरायचे होते. मी तेव्हा नवीन होते, मित्रांनो. इतके लोक एकाच वेळी माझ्या सुरावर नाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला आनंद झाला.

पुढे त्या गाण्याची तबकडी निघाली. एका बाजूला कासुबा, दुसऱ्या बाजूला धूळ. रेडिओवर आपल्याच देशातली गाणी वाजवायची असा हुकूम निघाला होता. त्यामुळे आमचे गाणे सकाळीही लागे आणि संध्याकाळीही. धुळीची बाजू कोणी उलटून लावली नाही.

फाटकावरची रांग आधी आखडली. मग लोक लांबून वळसा घालून पलीकडच्या बाईकडे जाऊ लागले. कोणी भांडत नव्हते, कोणी आरोप करत नव्हते. नुसते गुणगुणत जात. खरे मानता का असे विचारले असते तर एकानेही हो म्हटले नसते. पण खायचे कशाला, उगाच? शाळकरी मुले तिला एकेरी नावाने हाक मारू लागली. जिला मोठी माणसेसुद्धा बाना म्वेन्या म्हणत, तिला नाकातून शेंबूड गळणारी पोरे विचारू लागली, "ए कासुबा, आज कोणाला झोपवलंस?"

एका दुपारी आमची तालीम चालू असताना ती सुतारखान्याच्या मागे आली. डोक्यावर टोपली होती. तिने टोपली उतरवली, झाकलेले ताट काढले आणि काटोंगोच्या पुढ्यात ठेवले. न्शिमा, कापेंटा आणि भाजी. तेच जेवण, जे तो कितीतरी दिवस खात आला होता.

"जेव," ती म्हणाली.

"आत्ता? तालीम चाललीय, बाना म्वेन्या."

"गाण्यात मी कासुबा आहे. इथंही कासुबाच म्हण. जेव."

"अहो, गाणं आहे ते. गंमत. कोण खरं मानतंय?"

"तेच बघायला आलेय. गाणं बनवलंयस तू. खोटं आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? मग जेव."

चिसांगाच्या काड्या थांबल्या होत्या. काटोंगोने मला मांडीवरून खाली ठेवले, ताट जवळ ओढले, न्शिमाचा घास मोडला. बोटांनी त्याचा गोळा केला, तो भाजीत बुडवला. मग तो घास तसाच हातात राहिला. त्याने चिसांगाकडे पाहिले. चिसांगाने मान वळवली.

"मी जेवून आलोय," काटोंगो म्हणाला आणि त्याने घास ताटात परत ठेवला.

मित्रांनो, मी तिथेच होते, ताटापासून वीतभर अंतरावर. ज्याने ती गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढली, त्यालाच तिची भीती वाटली. ती बाई रडली नाही. तिने तोच घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. मग ताट झाकले.

"शनिवारी स्टेजवरून सांग," ती म्हणाली. "खोटं आहे म्हणून. एवढंच कर."

"सांगतो."

"देवाशपथ?"

"सांगतो म्हटलं ना."

आणि त्याने सांगितलेही. त्या शनिवारी गाणे सुरू होण्याआधी तो माइकपाशी गेला. "एक सांगायचंय," तो म्हणाला. "हे गाणं खोटं आहे. कासुबा चांगली बाई आहे. तिच्या हातचं बिनधास्त जेवा."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "आधी तू जेव." सगळा हॉल हसायला लागला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, डोळे पुसत होते. गाण्याला असे हसू आजवर मिळाले नव्हते. काटोंगो गोंधळून उभा राहिला. मग हळूहळू त्याच्याही चेहऱ्यावर हसू आले. ते येताना मी अगदी जवळून पाहिले.

पुढच्या शनिवारी त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले आणि वर एक डोळा मारला. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात म्हटले. लोक त्या वाक्याचीच वाट पाहू लागले. दुसऱ्या वेळी तबकडी काढली तेव्हा ते वाक्यही तिच्यात घातले, मागून हसण्याच्या आवाजासकट. कासुबाला ते तिच्या घरी, शेजारणीच्या रेडिओवर ऐकू आले असणार. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. फाटकावरची जागा तिने सोडली आणि ती कोळसा विकू लागली. कोळसा कोणी खात नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. तांब्याचा भाव पडला. खाणीतून माणसे कमी झाली. हॉलला कुलूप लागले. लोकांना नाचायला दुसरे संगीत मिळाले, चकाकते, यंत्रातून निघणारे. माझ्यासारख्या गिटारींना कोणी विचारेना. मुलिलो विझला. मी काटोंगोच्या खोलीत भिंतीवर गेले आणि माझ्या तारांना गंज चढला. काटोंगो ट्रकवर हमाली करू लागला. पण गाणे राहिले. लग्नात, फुटबॉलच्या मैदानात, बायका धुणे धुताना, सगळीकडे ते होते.

मग तो आजार आला. त्याचे नाव कोणी घेत नसे. माणसे वाळत जात आणि घरचे लोक दाराआडून बोलत. चिसांगा सगळ्यांत आधी गेला. काटोंगोची बायको गेली. मग काटोंगो अंथरुणाला खिळला. आईबाप आधीच वारले होते. उरली होती ती आत्या. ती उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवी आणि ओरडून सांगे, "ठेवलंय रे," आणि निघून जाई. पुढे तेही थांबले.

एका सकाळी दार ढकलून कासुबा आत आली. केस पांढरे झाले होते. हात कोपरापर्यंत काळे. कडेवर झाकलेले भांडे होते.

काटोंगो मान उचलून म्हणाला, "तू कशाला आलीस?"

"भांडं दिसत नाही?"

"मी नाही खाणार."

"नको खाऊ." ती जमिनीवर बसली. "मी बसते."

ती दुपारपर्यंत बसली आणि भांडे घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्या दिवशी मक्याच्या पेजेचा वास खोलीत पसरला तेव्हा काटोंगोने भिंतीकडे तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

"दे," तो शेवटी म्हणाला.

"आधी म्हण."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

घसा गेला होता त्याचा. तरी तो म्हणाला, सुरात नाही, नुसते शब्द. "कासुबा, कासुबा, भांड्यात काय शिजतं?"

"मक्याची पेज," ती म्हणाली. "मीठ. थोडं शेंगदाण्याचं कूट. आ कर."

तिने एक चमचा भरवला. मग थांबली. "पुन्हा म्हण."

दर चमच्याला तिने त्याच्याकडून ते म्हणवून घेतले आणि दर वेळी काय शिजवले ते तशाच कोरड्या आवाजात सांगितले. तो रडत होता आणि खात होता. त्याने एकदा माफीचा शब्द काढला. ती म्हणाली, "ते नको. तोंड उघड."

"मग रोज येतेस कशाला?" त्याने विचारले.

"तुला खाताना बघायचं होतं. तेव्हा राहून गेलं."

ती दया होती की सूड, ते मला अजून कळलेले नाही, मित्रांनो. तिचा हात कधी थरथरला नाही आणि पेज कधी थंड नसे. ती त्याचे तोंड पुसायची, चादर बदलायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची, "म्हण." जगात त्या माणसाला शिवणारे दुसरे कोणी उरले नव्हते. एके दिवशी पेज संपल्यावर तो आपणहून म्हणाला, "ते दुसरं गाणं म्हणू? धुळीचं?" तिने भांडे खाली ठेवले आणि ऐकले. ते ऐकताना मात्र तिने तोंडावर कमरेच्या फडक्याचे टोक धरले. तिचा नवरा त्या गाण्यात होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काटोंगो गेला. सकाळी ती आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. तिनेच शेजाऱ्यांना हाक मारली.

आता सगळे आले. जे दाराआडून बोलत ते, जे तांब्या ठेवून पळत ते. आत्याने खुर्च्या उचलल्या, घोंगडी उचलली. मग अंगणभर माणसे बसलेली असताना तिने मोठ्याने विचारले, "शेवटी शेवटी कोणाच्या हातचं खात होता हा?"

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. कासुबा रांजणापाशी भांडे घासत होती.

"जेवून झोपला," आत्या म्हणाली. "अजून नाही उठला."

मेलेल्याच्या अंगणात, मित्रांनो, कोणीतरी ते चार सूर गुणगुणले. फार हळू. पण मी ते ओळखले.

दुपारपर्यंत कासुबाच्या पत्र्यावर दगड पडू लागले. तिची मुलगी म्वेन्या न्डोला शहराहून धावत आली. आईला घेऊन काटोंगोच्या दारात शेवटचे भांडे न्यायला थांबली, तेव्हा मी त्यांचे बोलणे ऐकले.

"चल आई. इथं राहू नको."

"कुठं जाऊ? जिथं रेडिओ नाही असं गाव दाखव, येते."

ती गेली नाही. पत्रे तिने स्वतः वर चढून बदलले.

मी आत्याच्या मुलाच्या वाट्याला आले. त्याचे नाव लोंबे. त्यानेही बँड काढला. जुन्या गाण्याला त्याने एक कडवे जोडले: काटोंगोलाही भूक लागली, तोही जेवून झोपला. ते कडवे तुम्ही सगळे म्हणता. माझ्यावरच ते पहिल्यांदा वाजले. मला नवीन तारा बसल्या होत्या, मला पुसले होते, लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, हीच ती गिटार. इतके कौतुक मला तरुणपणीही लाभले नव्हते. लाकडाला मान खाली घालता येत नाही.

पुढे लोंबेने हे खाण्यापिण्याचे दुकान काढले आणि मला इथे टांगले. मग परदेशातून एक पाहुणा आला. आमच्या त्या काळच्या गाण्यांना तिकडे पुन्हा दिवस आले होते. लोक जुन्या तबकड्या शोधत होते. तो फार प्रेमाने माझ्या लाकडावरून हात फिरवत म्हणाला, की त्या मधल्या वाक्याला आणि हसण्याला तोड नाही. मग त्याने लोंबेला विचारले, "ही कासुबा कोण होती?"

त्याच वेळी मागच्या दाराने कोळशाचे पोते आले. पोते आणणारी म्हातारी वाकून दम खात उभी राहिली. लोंबेने तिच्याकडे पाहिले. मग पाहुण्याकडे पाहिले.

"कोणी नाही," लोंबे म्हणाला. "गोष्टीतली चेटकीण. अशी बाई नव्हतीच."

पाहुणा सभ्य होता. म्हातारीसाठी त्याने खुर्ची पुढे केली. "आजी, तुम्हाला तर ते दिवस आठवत असतील. तुमचं नाव काय?"

तिने खुर्चीला हात लावला नाही. लोंबेकडे ती इतका वेळ पाहत राहिली की त्याने गल्ल्याची पुसलेली फळी पुन्हा पुसायला घेतली. कासुबा आहे म्हणाली असती तर त्या दिवशी तिची छबी टिपली गेली असती. लांबच्या देशात तिचे नाव गेले असते. कदाचित कोणी विचारलेही असते की खरे काय झाले.

"बाना म्वेन्या," ती म्हणाली. "मला गाण्यातलं काही कळत नाही."

तिने पोते रिकामे केले, झटकले, घडी करून काखेत मारले आणि ती गेली. गेल्या थंडीत ती वारली. तिच्या मागे जेवण घातले गेले, तेव्हा म्वेन्या आणि तिच्या मुलांखेरीज पानावर कोणी बसले नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा अगर पुसू नका. तुटलेली खुंटी लावा अगर लावू नका. मी म्हातारी झाले आहे आणि गाणी तशीही माझ्यावाचून चालतात. चांगली गाणी माणसांपेक्षा जास्त जगतात असे तुमचे गुरुजी सांगतात, ते खरे आहे. ती चांगली नसली तरी जगतात, हे ते सांगत नाहीत. म्हणून एवढेच मागणे आहे. ज्या गाण्यात कोणाचे नाव असेल ते गाणे गाण्याआधी त्या नावाचे घर शोधा. आत जा. ते वाढतील ते खा. मग बाहेर येऊन गावेसे वाटले तर गा.

आता मला परत खिळ्याला लावा. आणि जाताना ते चार सूर छेडू नका.